झालं गेलं गंगेला मिळालं, याला ख्रिस्ती क्षमा म्हणू नका

प्रायश्चित्तकाळात क्षमेवर प्रवचन देणारे धर्मगुरू, पाळक, रिट्रीटचे वक्ते आणि चर्चच्या कचेरीत घरोघरचे वाद मिटवायला बसणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आपण क्षमेवर पुष्कळ बोलणार आहात. उधळ्या पुत्राचा दाखला येईल, सातांच्या सत्तर वेळा येईल, क्रुसावरून केलेली 'हे बापा, त्यांना क्षमा कर' ही विनवणी येईल. बोलायलाच हवं. आमची हरकत आहे ती प्रवचन संपल्यावर जे घडतं त्याला. कचेरीत एक जोडपं येऊन बसतं. तिच्या दंडावरचा वळ हिरवट-पिवळा पडलेला, म्हणजे आठवडाभरापूर्वीचा. त्याच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा. "फादर, माझं कुमसार झालंय," तो म्हणतो, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देऊन झाली, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहते. मग कोणीतरी वडीलधारं ते वाक्य उच्चारतं: झालं गेलं गंगेला मिळालं, आता तूही माफ करून टाक. पुडा सोडला जातो.

हे पत्र त्या वाक्याविरुद्ध आहे. म्हण म्हणून ते झकास आहे, नळावरच्या भांडणाला पुरेसंही आहे. पण शुभवर्तमानातली क्षमा म्हणून ते खपवलं की मार खाल्लेल्या माणसावर दुसऱ्यांदा अन्याय होतो आणि मारणाऱ्याचा आत्माही वाऱ्यावर सोडला जातो.

प्रभूच्या प्रार्थनेतच पाहा. मत्तयाच्या ग्रीक मजकुरात तिथे हिशेबाचा शब्द आहे, 'देणं'. जुन्या मराठी बायबलने तो इमानाने ठेवला: आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडलं, तशी तू आमची ऋणं सोड. लूक आधी 'पापं' म्हणतो, पण लगेच पुढे 'ऋणी' असंच म्हणतो. ऋण आणि गंगा यांचा संबंध नाही. ऋणाला रक्कम असते, तारीख असते, कोणी दिलं आणि कोणी घेतलं याची नोंद असते.

कर्जमाफी कशी होते हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत आधी याद्या लागल्या. खात्यापुढे रक्कम छापलेली. शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरणाला अंगठा लावायचा आणि रक्कम मान्य असल्याचं सांगायचं, मान्य नसेल तर तक्रार करायची. त्यानंतर पैसे बँकेत जमा झाले, आणि ते तिजोरीतून गेले. म्हणजे देणं किती ते ठरलं, देणेकऱ्याने ते कबूल केलं आणि कोणीतरी त्याची झळ सोसली. 'मी कर्ज घेतलंच नव्हतं, पण माफ करा' असा अर्ज कुठलीही बँक घेणार नाही. आपल्या कचेऱ्यांत मात्र 'मी तसं काही केलं नाही, पण तिला वाटत असेल तर सॉरी' हा अर्ज रोज मंजूर होतो.

तिसरी गोष्ट ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच आहे. माफ केलेलं देणं हवेत विरत नाही. माफ करणारा ते स्वतः भरतो. क्रूस म्हणजे तेच. म्हणून दैवी दया म्हणजे देवाने केलेला काणाडोळा नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३० नोव्हेंबर १९८० रोजी दयेवरच एक परिपत्रक काढलं. त्याच्या चौदाव्या परिच्छेदात ते म्हणतात की शुभवर्तमानात कुठेही क्षमा म्हणजे दुष्कृत्याला, इजेला, अपमानाला दिलेली मुभा नाही; आणि नुकसानीची भरपाई व अपमानाचं निवारण या क्षमेच्या अटी आहेत. दयेवर इतकं मन लावून लिहिणाऱ्या माणसाने 'अटी' हा शब्द वापरला, हे दर ईस्टरनंतरच्या रविवारी, म्हणजे दैवी दयेच्या रविवारी, आठवावं.

आता निर्दय चाकराचा दाखला, मत्तय १८. धन्याने ज्याचं प्रचंड देणं सोडलं, तोच चाकर बाहेर पडून सोबतीच्या चाकराचा थोड्या देण्यासाठी गळा धरतो. आपण सगळे तो सांगता, पण आकडे गाळता. चाकराचं देणं १०,००० तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. योसेफस हा इतिहासकार लिहितो की येशूच्या काळचा शासक हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला २०० तालांत महसूल मिळत असे. या चाकराचं देणं त्याच्या ५० वर्षांच्या महसुलाइतकं होतं. ऐकणारे हसले असतील, इतकी ती रक्कम अचाट आहे.

पण दुसरा आकडा हसण्यासारखा नाही. सोबतीच्या चाकराकडून येणं होतं १०० दीनार, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी. आजच्या बांधकामावरच्या मजुराला विचारा, तीन महिन्यांची मजुरी बुडाली तर ती किरकोळ का. येशूने 'एक दीनार' म्हटलं असतं तरी फरक उठून दिसला असता. त्याने १०० म्हटलं. आपल्या वाट्याला आलेली इजा क्षुल्लक आहे असं हा दाखला कुठेच म्हणत नाही. देवाने आपल्याला जे सोडलं त्याच्याशेजारी ठेवली की ती सहा लाखांत एक भरते, एवढंच म्हणतो. 'त्यात एवढं काय' हे वाक्य प्रवचनकाराचं आहे, येशूचं नव्हे.

एकतिसाव्या ओवीकडे तर कोणाचंच लक्ष जात नाही. सोबतीच्या चाकराचा गळा धरलेला इतर चाकरांनी पाहिला, त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्यांनी जाऊन धन्याला सगळं सांगितलं. 'घरातलं घरात मिटवा' असं ते म्हणाले नाहीत. क्षमेवरच्या सर्वांत मोठ्या दाखल्यात साक्षीदार तक्रार घेऊन जातात आणि त्यांना कोणी चुगलखोर म्हणत नाही.

त्याच अध्यायात, सातांच्या सत्तरच्या आधी, १५ ते १७ या ओव्यांत भाऊ चुकला तर काय करायचं ते पायरीपायरीने दिलं आहे: एकट्याने जाऊन चूक दाखव, ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार ने, तरी नाही तर मंडळीला सांग. लूक १७:३ तर आणखी थेट आहे. त्याला दटाव, आणि पश्चात्ताप केला तर क्षमा कर. सत्तर गुणिले सात म्हणजे ४९० वेळा फटके खायची तयारी, असा अर्थ काढणाऱ्यांनी या ओव्या ओलांडून जायचं ठरवलेलं असतं.

घोळ होतो तो तीन गोष्टी एका शब्दात कोंबल्यामुळे. मनातली क्षमा ही एकट्याने करता येते. सूड सोडायचा, त्या माणसाचं वाईट चिंतायचं नाही, त्याचा न्याय देवाच्या हाती सोपवायचा. तिला समोरच्याचा पश्चात्ताप लागत नाही, त्याची उपस्थितीही लागत नाही. मेलेल्या माणसालाही क्षमा करता येते. समेटाला दोघं लागतात, आणि वर आलेल्या अटी इथे लागू होतात: त्यातल्या एकाने देणं कबूल केलेलं लागतं. विश्वास ही तिसरीच गोष्ट. तो मागून मिळत नाही, वागणुकीने जमा होतो.

योसेफाची गोष्ट, उत्पत्ती ४२ ते ४५, या दृष्टीने पुन्हा वाचा. ज्यांनी त्याला विकलं ते भाऊ धान्यासाठी मिसरात आले तेव्हा त्याने त्यांना लगेच मिठी मारली नाही. शिमोनाला अडकवून ठेवलं, धाकट्या बन्यामिनाला आणायला लावलं, मग त्याच्या गोणीत चांदीचा प्याला लपवला. त्याला पाहायचं होतं की आपली आई राहेल हिच्या दुसऱ्या मुलालाही हे सोडून जातात का. ज्या यहूदाने योसेफाला विकायची कल्पना काढली होती तोच पुढे झाला आणि 'याच्याऐवजी मला गुलाम ठेवा' म्हणाला. तेव्हा योसेफ मोठ्याने रडला आणि त्याने आपली ओळख दिली. याआधीही तो आडोशाला जाऊन रडला होताच, म्हणजे मनात राग धरून बसलेला नव्हता. तरी ओळख द्यायला तो थांबला. कचेरीतल्या त्या बाईला आपण एवढाही वेळ देत नाही.

आणि वेळ देण्याची सोय चर्चच्या कायद्यातच आहे. धर्मविधी संहितेचा ११५३ वा नियम सांगतो की जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, किंवा सहजीवन फारच असह्य झालं असेल, तर वेगळं राहण्याचं रास्त कारण आहे. त्यासाठी महागुरुस्वामींचा (बिशपांचा) आदेश घ्यावा. पण उशीर करण्यात धोका असेल तर ती स्वतःच्या अधिकारानेही घर सोडू शकते. कारण संपल्यावर पुन्हा एकत्र यावं, असंही तोच नियम म्हणतो. कारण संपल्यावर, पेढे वाटल्यावर नव्हे.

क्षमा केली म्हणजे शिक्षा टळली पाहिजे, हाही असाच गैरसमज. १३ मे १९८१ रोजी मेहमेत अली आग्जाने याच पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी रुग्णालयातून ध्वनिमुद्रित संदेशात पोपनी त्याला क्षमा केल्याचं सांगितलं. २७ डिसेंबर १९८३ ला ते रेबिब्बिया तुरुंगात जाऊन त्याला भेटले. पण आग्जा इटलीच्या तुरुंगातून सुटला तो २००० मध्ये, राष्ट्राध्यक्षांनी माफी दिल्यावर. मधली सगळी वर्षं पोपची क्षमा खोटी होती का?

आपल्याकडचं उदाहरण याहून हलवून सोडणारं आहे. मध्य प्रदेशात उदयनगरजवळ २५ फेब्रुवारी १९९५ रोजी सिस्टर राणी मारिया यांना बसमधून ओढून भोसकून मारलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, पुढे तुरुंगात जाऊन समंदर सिंग या मारेकऱ्याला राखी बांधली. खटला चालला, जन्मठेप झाली, ११ वर्षं तो आत होता. २००६ मध्ये तो सुटला, त्यात त्या कुटुंबाच्या रदबदलीचा वाटा होता. गुन्हा कोर्टात सिद्ध झाला होता, त्याने तो कबूल केला होता आणि त्याला त्याचं दुःख होतं. राखी त्या सगळ्यावर बांधली गेली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरला सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. प्रवचनात राखीचं सांगता, तर ११ वर्षांचंही सांगा.

आता कुमसाराच्या पेटीकडे येतो, कारण खरं काम तिथे आहे. कॅथलिक शिकवणीनुसार पापी माणसाने तीन गोष्टी करायच्या असतात: पश्चात्ताप, पापनिवेदन, भरपाई. पहिल्या दोन आपण करून घेता, तिसरी 'दहा वेळा आमच्या बापा' म्हणण्यावर निभावते. धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथाचा १४५९ वा परिच्छेद मात्र सांगतो की क्षमेने पाप जातं, पापाने केलेली मोडतोड जात नाही. चोरलेलं परत करावं, बदनामी केली असेल तर नाव परत मिळवून द्यावं, इजेची भरपाई करावी. आणि ग्रंथाच्या मते ही साध्या न्यायाचीच मागणी आहे. खरं प्रायश्चित्त त्यानंतर सुरू होतं. संहितेचा ९८१ वा नियमही प्रायश्चित्त पापाच्या प्रकाराला आणि संख्येला साजेसं असावं असं म्हणतो. जकातदार जक्कयाने येशूला जेवण घातलं तेवढ्यावर तारण घरी आलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि फसवून घेतलं असेल तर चौपट परत, हे त्याने उभं राहून सांगितलं. चौपट हा आकडा निर्गम २२ मधला, चोरून कापलेल्या मेंढरामागे चार मेंढरं. फसवणूक स्वतः कबूल करणाऱ्याला मोशेचं नियमशास्त्र मुद्दल अधिक पाचवा हिस्सा एवढंच लावतं. जक्कयाने सवलतीचा दर सोडून चोराचा दर स्वतःला लावून घेतला.

वसईच्या पट्ट्यात सर्वांत जास्त अडणारी भरपाई जमिनीची. भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखेच वाटेकरी. तरी वडील गेले की 'सही कर गं, बँकेचं काम आहे' म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्र नोंदवून घेतलं जातं. तो भाऊ दर ईस्टरला पापनिवेदन करतो, कदाचित 'लोभ केला' असंही म्हणतो. 'लोभ' ऐकून पुढे जाऊ नका. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन बंधनकारक केलं, त्याच नियमात धर्मगुरूला वैद्याची उपमा दिली आणि पापाची परिस्थिती नीट विचारून घ्यायला सांगितलं. विचारा: कोणाचं घेतलं, किती, ते अजून तुझ्याकडे आहे का, परत करायची तयारी आहे का. परत करणं शक्य असूनही तो ठाम नाही म्हणाला, तर पाप सोडण्याचा निश्चयच नाही, आणि ९८७ व्या नियमानुसार संस्काराला लागणारी मनाची तयारी नाही. तयार असेल तर प्रायश्चित्त नेमकं द्या: बहिणीशी बोल, वकिलाकडून बक्षीसपत्राचा मसुदा करून घे, नोंदणी कर, मग फेरफार. जमीन विकून झाली असेल तर तिच्या हिश्श्याची रक्कम, हप्त्याने का होईना. चोरीच्या पैशाबाबत नाव उघड होण्याची भीती असेल तर धर्मगुरूच्या हातून पाकीट पोचवण्याची जुनी वाट आहेच.

बदनामीचंही तसंच. दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खोटं टाकायचं आणि माफी मात्र त्या माणसाच्या वैयक्तिक क्रमांकावर, हात जोडल्याच्या चित्रासह. जिथे टाकलं तिथेच मागे घ्यायला लावा.

पापनिवेदनाची मोहर, म्हणजे गुप्ततेचं बंधन, मोडता येत नाही, ९८३ वा नियम त्यात फट ठेवत नाही, आणि आम्हीही ती मागत नाही. व्हॅटिकनच्या प्रेषितीय प्रायश्चित्त न्यायासनाने २९ जून २०१९ च्या टिपणात स्पष्ट केलं आहे की गुन्हेगाराने पोलिसांत हजर व्हावं अशी अट घालून क्षमा रोखता येत नाही. पण त्याच टिपणात पुढे आहे, आणि ते कोणी वाचून दाखवत नाही: पापनिवेदनाला आलेली व्यक्ती दुसऱ्याच्या अत्याचाराची बळी असेल, तर तिला तिचे हक्क आणि तक्रार करण्याचे व्यावहारिक मार्ग सांगणं ही धर्मगुरूची जबाबदारी आहे. मार खाणाऱ्या बाईला पेटीतून 'सहन कर, प्रार्थना कर' एवढंच ऐकू येत असेल, तर ते रोमच्याही सूचनेविरुद्ध आहे. सांगायला दोन वाक्यं लागतात. महिला हेल्पलाइन १८१. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

आणि कचेरीतली खुर्ची म्हणजे पेटी नव्हे. तिथे कळलेल्या गोष्टीला संस्काराची मोहर नाही. अल्पवयीन मुलाच्या लैंगिक शोषणाची गोष्ट तिथे कानावर आली तर पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दोन्ही कुटुंबांना बोलावून क्षमा घडवून आणणं हा इथे पर्यायच नाही. या एका बाबतीत आम्हाला चर्चा नको आहे.

प्रोटेस्टंट पाळकांनो, तुमच्याकडे पेटी नाही, सामूहिक पापांगीकार आहे, आणि धोका नेमका तिथे आहे. 'आम्ही विचाराने, शब्दाने, कृतीने चुकलो' हे सगळ्यांनी मिळून म्हटलं की कोणीच काही केलेलं नसतं. प्रभुभोजनाच्या आधी मत्तय ५:२३-२४ वाचून मिनिटभर थांबा: वेदीजवळ दान ठेव, आधी भावाकडे जा. जाऊन यायला आठवडा लागेल असं कोणाला वाटलं, तर त्याला पुढच्या रविवारी या म्हणा.

दैवी दयेच्या रविवारबद्दल एकच. या भक्तीच्या प्रवर्तक पोलिश सिस्टर फाउस्तिना यांना ३० एप्रिल २००० रोजी संतपद मिळालं आणि ईस्टरनंतरचा रविवार दयेचा झाला. शुभ शुक्रवारपासून नऊ दिवसांचा नोव्हेना, माळेवर पन्नास वेळा 'आम्हांवर आणि सर्व जगावर दया कर'. त्यांच्या दैनंदिनीत शेजाऱ्यावर दया करायचे तीन मार्ग आहेत आणि त्यांचा क्रम असा: कृती, मग शब्द, मग प्रार्थना. माळेच्या पत्रकावर तिसरा मार्ग ठळक छापतो, पहिला छापायला जागा उरत नाही.

शेवटी व्यवस्थेचं बोलू, कारण आपल्यालाही वेळ नसतो हे आम्हाला दिसतं. समजा पवित्र आठवड्यात सामूहिक प्रायश्चित्तविधीला ४०० माणसं आली, सहा धर्मगुरू, दोन तास. माणशी १ मिनिट ४८ सेकंद. एवढ्यात हक्कसोडपत्र निघत नाही. म्हणून राखेच्या बुधवारीच मनोपरीक्षणाचा कागद वाटा आणि त्यात हे दोन प्रश्न घाला: 'दुसऱ्याचं काय माझ्याकडे आहे?' आणि 'माझ्या मारण्याला, बोलण्याला कोण घाबरतं?' दर शुक्रवारी संध्याकाळी एक धर्मगुरू फक्त लांबलेल्या पापनिवेदनांसाठी बसवा, बाहेर रांग न लावता. कचेरीत जोडपं आलं तर दोघांना आधी वेगवेगळं भेटा, तिला पहिली, आणि त्या दिवशी हातात हात देऊ नका. बहिणीचा हिस्सा ४० दिवसांत सातबाऱ्यावर चढणार नाही. पण बक्षीसपत्राचा मसुदा ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारपर्यंत तयार होऊ शकतो.

आपले,
धर्मशिक्षण आणि कौटुंबिक समुपदेशनाचं काम करणारे काही प्रापंचिक ख्रिस्ती